चाल कोणाची?

३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर 'मेटॅलिका' या अमेरिकन वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. दोन दिवसांपूर्वीचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी बारगळला होता. त्यामुळे भारतीय श्रोत्यांना या वादकांचे पहिले प्रत्यक्ष श्रवण घडविण्याचा मान बेंगळुरूकडे गेला. पुढे १९ फेब्रुवारी २०२१ रोजी हेच वादक व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या 'ब्लिझर्ड' कंपनीच्या वार्षिक सोहळ्यात वाजवीत होते. महामारीमुळे सोहळा आंतरजालावरून प्रक्षेपित होत होता. 'ट्विच' या संस्थळाच्या एका वाहिनीवर मात्र विलक्षण प्रकार घडला. पडद्यावर गिटारी कडाडत होत्या, वादकांच्या माना झुलत होत्या, आणि प्रेक्षकांच्या कानी पडत होती वरून चिकटवलेली एक गुळमुळीत, बिनधोक धून. हक्कभंगाचा ठपका नको म्हणून घेतलेली ही खबरदारी होती, असेच सर्वत्र मानले गेले. आपल्या ध्वनिमुद्रणांच्या फुकट देवघेवीबद्दल एप्रिल २००० मध्ये 'नॅप्स्टर'वर दावा लावणाऱ्या मेटॅलिकाच्याच वाट्याला हे मुकेपण यावे, याची पुष्कळांना गंमत वाटली.

गंमत खरीच, परंतु हा अनुभव ज्यांना नित्य घ्यावा लागतो ती माणसे मेटॅलिकाइतकी प्रसिद्ध नसतात. ट्विच किंवा यूट्यूब यांवर खेळाडू आपल्या खोलीत बसून खेळतो, खेळता खेळता बोलतो, आणि ओळखीची-अनोळखी माणसे त्याच क्षणी तो खेळ पाहतात, मध्येच टोमणे मारतात. नोकरीसाठी घर सोडून आलेली तरुण मंडळी जेथे एकेकट्या खोल्यांतून राहतात, त्या बेंगळुरूसारख्या शहरात हा जुन्या कट्ट्याचाच एक अवतार म्हणावा लागेल. कट्ट्याशेजारच्या दुकानात रेडिओ वाजत असे, तसे या खेळामागे गाणे असते. गाणे हा त्या बैठकीचा विषय नसतो. ती तिची हवा असते.

या हवेवर आता यंत्राचा पहारा आहे. ध्वनिमुद्रणांचे ठसे साठवून ठेवायचे आणि नव्या ध्वनीशी ते ताडून पाहायचे, ही त्याची रीत. ट्विचने ऑगस्ट २०१४ मध्ये साठवलेल्या प्रक्षेपणांवर ते बसविले, तेव्हा ओळखीचे गाणे सापडताच अर्ध्या तासाचा सबंध तुकडा निःशब्द होई. तीन मिनिटांच्या गाण्यापायी खेळाडूचे बोलणे, हसणे, चुकल्यावरचे चरफडणे, सारेच जाई. जून २०२० मध्ये २०१७ ते २०१९ या काळातील चित्रफितींविषयी तक्रारींचा एकच लोंढा आला. ऑक्टोबरात ट्विचने अनेकांची मुद्रणे परस्पर पुसून टाकली, आणि आक्षेप नेमका कोणत्या गाण्याला होता हेही कळविले नाही. नोव्हेंबरात या कारभाराबद्दल क्षमा मागितली. मौज अशी की, पुष्कळदा गाणे खेळाडूने लावलेलेच नसते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या २०१३ सालच्या खेळात मोटारीत बसले की रेडिओ लागतो. त्या कल्पित शहराचे निम्मे व्यक्तिमत्त्व त्या रेडिओत आहे. खेळ दाखवायचा तर तो बंद करावा लागतो. २०२० च्या 'सायबरपंक २०७७'मध्ये तर अशी गाणी वगळण्याची सोय निर्मात्यांनीच करून ठेवली. संगीत नाटकाच्या प्रयोगातून पेटी-तबला उठवून द्यावा, तसेच हे.

बेंगळुरूच्या न्यायालयांपुढेही हा प्रश्न, निराळ्या वेषात का होईना, येऊन गेला आहे. तेथील 'एमआरटी म्युझिक' या कंपनीने २०२२ च्या नोव्हेंबरात काँग्रेस पक्षाविरुद्ध तक्रार केली. 'केजीएफ चॅप्टर २' या कन्नड चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील संगीत 'भारत जोडो' यात्रेच्या चित्रफितींत विनापरवाना वापरले, असा आरोप होता. ७ नोव्हेंबरला शहराच्या दिवाणी न्यायालयाने दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच पक्षाचे व यात्रेचे ट्विटरवरील खाते रोखण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने आक्षिप्त चित्रफिती काढण्याच्या अटीवर तो रद्द केला. वादातील तुकडा पंचेचाळीस सेकंदांचा होता, असे पक्षाचे म्हणणे. फौजदारी फिर्याद मात्र जून २०२३ मध्ये रद्द करण्यास उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि ते समजण्यासारखे आहे. परवानगी घेणे मोठ्या पक्षाला अवघड नव्हते. येथे महत्त्वाचे एवढेच की, अपराध आणि शिक्षा यांचे माप जुळते की नाही हे कोणीतरी पाहिले, आणि चोवीस तासांच्या आत पाहिले. खोलीतल्या खेळाडूला वकील नाही आणि उच्च न्यायालयही नाही.

वस्तुतः भारतीय कायद्याला प्रसंगाचे भान आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम विवाहाच्या वरातीतील आणि धार्मिक समारंभातील गाण्याला सूट देते. त्याच कलमान्वये, लेखी तक्रार आल्यावर मध्यस्थ संस्थेने मजकूर एकवीस दिवस रोखावा. तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर आहे. पण ही संस्थळे अमेरिकन. तेथील १९९८ च्या कायद्याच्या धाकाने घडलेली त्यांची शिस्त बेंगळुरूच्या खोलीतही तशीच लागू होते. यंत्राला वरात आणि बाजार यांतला भेद शिकविलेला नाही.

चाल ओळखण्याची एक वेगळी रीत याच भूमीत होती. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द असत. ते कधी लावणीचे, कधी हिंदी चिजेचे, कधी कन्नड पदाचे. पुढे कन्नड नाटक मंडळ्यांनी मराठी नाट्यपदांच्या चाली उचलल्या. कोणी कोणाकडून काय घेतले, याचा हा उघड हिशेब आहे. मराठी-कन्नड संबंधांचा अभ्यास करणाऱ्याला या एका ओळीइतकी उपयोगी सामग्री क्वचितच सापडेल.

अर्थात त्या काळाला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. ज्या कन्नड पदकर्त्याची चाल पुण्यात गाजली त्याला तिचा छदामही मिळाला नसेल, आणि बहुतेकदा त्याचे नावही त्या ओळीत नसे. असत ते फक्त त्याच्या गाण्याचे शब्द. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा कराराने काढून घेता येऊ नये, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली, ती योग्यच होती. परंतु यंत्राने गप्प केलेल्या पंचवीस-तीस प्रेक्षकांच्या बैठकीतून त्यांच्या हाती काय पडते, हा प्रश्न राहतोच. ट्विचवरील साठवलेल्या प्रक्षेपणात मुका केलेला भाग काळपट्टीवर लाल रंगाने दाखविलेला असतो. खेळाडूचे ओठ हलताना दिसतात. तेथे कोणाची चाल होती, हे पाहणाऱ्याला कळत नाही.