प्रोस्टेट, लोकल आणि 'बिनटाक्याचं' ऑपरेशन

मंडळी, या वीकांताचा विषय जरा अवघडल्यासारखा वाटेल, पण वाचा. तुमचं वय तीसच्या आसपास असेल, तर तुमचे बाबा साठीच्या आसपास असणार. म्हणजे विषय तुमच्याच घरातला आहे.

सीएसएमटी ते अंबरनाथ साधारण ६० किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी सवा ते दीड तास, आणि लोकलमध्ये संडास नाही. आपल्याला हे कधी जाणवत नाही. पण संध्याकाळच्या गाडीत साठीच्या माणसांकडे जरा लक्ष देऊन बघा. पाण्याची बाटली बॅगेत असते, पण भरलेलीच. दुपारी तीननंतर पाणी बंद, चहा बंद. कोणी विचारलंच तर "तहान नाही रे."

बुवापाड्यात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. वय ६६, एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले. चाळीतला संडास सार्वजनिक, गल्लीच्या टोकाला. रात्री चार-चार वेळा उठायचं, पावसाळ्यात छत्री घेऊन जायचं, तिथे पाच मिनिटं उभं राहायचं आणि थेंब थेंब होऊन परत यायचं. तीन वर्षं गावाला गेले नाहीत, कारण एसटी मध्येच थांबत नाही. घरी सांगायचे, "गुडघे दुखतात." पुतणीच्या लग्नालाही गेले नाहीत तेव्हा काकूंना संशय आला. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्याने जालावर शोधून चार लिंका पाठवल्या, सगळ्या 'बिनटाक्याच्या' उपचारांच्या. काकांना काही उलगडेना, म्हणून कागद घेऊन माझ्याकडे आले. (कॉम्प्युटरवाला म्हणजे सर्वज्ञ, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. :-))

आधी थोडं तांत्रिक. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली. लघवीची नळी तिच्या मधून जाते. सगळा घोटाळा या डिझाइनमध्ये आहे. वय वाढतं तशी ग्रंथी वाढते आणि मधला पाइप दाबला जातो. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते. हा कॅन्सर नव्हे आणि याचा कॅन्सर होतही नाही, पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासणी टाळायची नाही.

तीव्रता मोजायला एक प्रश्नावली आहे, १९९२ सालची. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ५ गुण. ७ पर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. काकांचा स्कोअर निघाला २४. आठवा प्रश्न वेगळा असतो: आयुष्यभर हे असंच राहिलं तर कसं वाटेल? काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असं कोणी विचारलंच नव्हतं रे."

बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं. टॅमसुलोसिन स्नायू सैल करते, फरक काही दिवसांत जाणवतो. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी आक्रसवते, पण त्याला सहाएक महिने लागतात. त्यापुढे प्रश्न येतो ऑपरेशनचा.

१९०० साली लंडनमध्ये पीटर फ्रायर या सर्जनने पोट आणि मूत्राशय उघडून, बोटाने वाढलेली गाठ सालीतून सोलल्यासारखी काढायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याआधी जवळजवळ वीस वर्षं हा गडी हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. पुढे टीयूआरपी आली: लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून आतून खरवडणे. बाहेर टाका नाहीच. म्हणजे 'बिनटाक्याचं' हे विशेषण जाहिरातीत आज नवं वाटलं, तरी तसं जुनंच आहे. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग आणि सहकाऱ्यांनी होलेप विकसित केली. गाठ फ्रायरसारखीच अख्खी सोलायची, पण आतून, होल्मियम लेझरने. ग्रंथी कितीही मोठी असली तरी चालते.

आता मुलाच्या लिंका. यूरोलिफ्टमध्ये छोटे क्लिप लावून वाढलेला भाग पडद्यासारखा बाजूला बांधतात. काहीच कापत नाहीत. रेझूममध्ये पाण्याची वाफ सोडतात, एका वेळी फक्त ९ सेकंद. पेशी मरतात आणि शरीर त्या हळूहळू शोषून घेतं. काही दिवस नळी ठेवावी लागते, पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने. तिसरा प्रकार एम्बोलायझेशन: मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक कण सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडायचा. हे काम यूरोलॉजिस्ट नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतो.

फायदा खरा आहे. टीयूआरपी किंवा होलेपनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. यूरोलिफ्ट आणि रेझूममध्ये हे सहसा टळतं. पन्नाशीच्या माणसाला याचं महत्त्व असू शकतं, आणि हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारावं.

पण विदा बघा. दोन्हींच्या मुख्य चाचण्यांत पाच वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलेले रुग्ण: यूरोलिफ्ट १३.६ टक्के, रेझूम ४.४ टक्के. आणि त्या चाचण्यांत घेतलेल्या ग्रंथी साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या. काकांची सोनोग्राफीत निघाली ९५ ग्रॅम, शिवाय लघवीनंतरही मूत्राशयात बरंच पाणी शिल्लक. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅच मारून चालेल असा हा मॉड्यूल नव्हता.

फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, पैशाचं बघू नका, कमीत कमी त्रास होईल ते करा." काका म्हणाले, "अरे, पैशाचं नाही. मला परत परत टेबलावर जायचं नाही. एकदाच काय ते होऊ दे." माझ्या मते त्या अख्ख्या महिन्यातलं सर्वांत नेमकं वाक्य हेच. 'कमीत कमी त्रास' कधीचा मोजायचा? पहिल्या आठवड्याचा की पुढच्या दहा वर्षांचा? मुलगा आठवडा मोजत होता, बाप वर्षं. यूरोलॉजिस्टनी कागद बघून होलेपच सुचवली. एक दिवस नळी, दोन रात्री हॉस्पिटल. सुरुवातीचे काही आठवडे खोकताना थोडी लघवी सुटायची, त्यावर काका भारी वैतागले. पण आधी सांगितलेलं होतं, म्हणून घाबरले नाहीत. ते आता थांबलंय.

ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांनी केईएम, सायन, नायर इथले यूरोलॉजी विभाग लक्षात ठेवावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचारावं.

आणि एक. सर्दीच्या साध्या गोळ्यांनी अशा माणसाची लघवी अचानक पूर्ण अडकू शकते. तसं झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच कॅज्युअल्टी गाठा. लघवीत रक्त दिसलं तरीही दाखवायलाच हवं.

जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या राजाने प्रोस्टेटवर उपचार घेणार असल्याचं उघड जाहीर केलं, तर तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या माहितीपानावर लोकांची झुंबड उडाली. म्हणजे प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, फक्त आधी कोणीतरी बोलायला हवं होतं. आपल्या घरात राजा नाही. तेव्हा बोलायचं काम आपल्यालाच करावं लागणार. बाबांना थेट "प्रोस्टेट कसं आहे?" असं विचारू नका, उत्तर "ठीक आहे" असंच येईल. "रात्री किती वेळा उठता?" एवढंच विचारा. आकडा ऐका.

असो. बाकी पुढच्या वीकांताला.