एका घरातील दोन उपवास

भाद्रपद महिना आमच्या घरी फार दाटीने येतो. शुद्ध चतुर्थीला गणपती बसतात आणि पंचमीला माझे दशलक्षण पर्व सुरू होते. त्याच दिवसांत महालक्ष्म्या येतात. अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन आणि माझ्या पर्वाची सांगता एकाच दिवशी होते. मी जन्माने व आचरणाने दिगंबर जैन; यजमान किन्हीराजाच्या वारकरी घराण्यातले, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. लग्नाला आता चाळीस वर्षे होत आली. या काळात त्यांनी णमोकार मंत्राचा जप केला नाही आणि मी पांडुरंगाला नवस बोलले नाही. तरीही संसार झाला, आणि चांगला झाला. आपल्या समाजातील अनेक घरांपुढे मुलामुलींच्या लग्नांच्या निमित्ताने हाच प्रश्न आज उभा आहे, म्हणून चार शब्द लिहीत आहे.

पहिली अडचण शब्दांची होती. ‘उपवास’ हा शब्द दोन्ही घरांत होता; अर्थ मात्र निराळे. आपल्याकडे उपवास म्हणजे चारही प्रकारच्या आहाराचा त्याग. एकदाच जेवायचे असेल तर ते एकाशन. सासरी एकादशीला साबुदाणा, बटाटा, रताळी. कंदमुळांत अनंत जीव असतात म्हणून ती मला एरवीही वर्ज्य, आणि साबुदाणाही कंदाचाच. घर ज्या दिवशी उपवास करी, त्याच दिवशी त्या घरातले मला काहीच चालत नसे. उलट आषाढीपासून कार्तिकीपर्यंत सासरीही कांदा, लसूण, वांगी बंद असत. चातुर्मासात आमची चूल आपोआप एक होई. कारणे आपापली राहत.

त्याहून अवघड होते सूर्यास्तापूर्वीचे जेवण. नव्या सुनेने पुरुषमाणसांच्या आधी ताटावर बसावे, ही गोष्ट त्या काळी खेड्यात बोलण्याचा विषय झाली. सासूबाईंनी ती एका वाक्यात मिटवली : ‘सूनबाई, तुह्या धर्मात काय चालते ते तू सांग, लोकाईले काय सांगाचं ते मी पाहतो.’ पुढे महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक मी कित्येकदा निर्जल उपवासात केला. मी का जेवत नाही, असे त्यांनी पाहुण्यांना विचारू दिले नाही.

खरी कसोटी त्या गेल्यानंतर लागली. पितृपक्ष भाद्रपद वद्य प्रतिपदेला सुरू होतो आणि आपली क्षमावाणीही त्याच दिवशी असते. आपल्या सिद्धांतानुसार देह सुटल्यावर जीव काही समयांतच नवी गती गाठतो. मागे राहिलेल्यांनी ठेवलेला घास त्याला पोचत नाही. तो पोचतो, अशी यजमानांची श्रद्धा आहे. ही दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे आम्ही दोघेही जाणतो आणि पहिल्याच वर्षी एकमेकांना स्पष्ट सांगितले आहे. सासूबाईंच्या तिथीचा स्वयंपाक मी करते. कावळ्याचा घास ठेवायला यजमान एकटे गच्चीवर जातात. मी खाली थांबते. मी वर यावे, असे ते म्हणत नाहीत आणि मी त्यांना अडवत नाही. कढी सासूबाईंच्या हातच्यासारखी झाली की नाही, हे मात्र दोघे मिळून ठरवतो.

अनेकांताचा अर्थ ‘सगळे धर्म सारखेच’ असा आपण सहज लावतो. तो सोयीचा असला तरी अचूक नाही. माझे विधान एका नयातून केलेले आहे, याचे भान अनेकांत देतो. भेद पुसून टाका, असे तो सांगत नाही. आमच्या घरात भेद स्पष्ट राहिला, म्हणूनच त्याची भीती उरली नाही.

लग्नानंतर मला राणी चेलनेची कथा फार वेळा ऐकवली गेली. चेलनेने श्रेणिकाला जिनधर्मात आणले, तसे तूही आण, असा आग्रह असे. मला शांतला अधिक जवळची वाटते. होयसळ राजा विष्णुवर्धन रामानुजाचार्यांच्या प्रभावाने वैष्णव झाला, असे परंपरा सांगते. राणी शांतला जैनच राहिली. त्याने 1117 साली बेलूरचे चेन्नकेशव मंदिर उभारले. तिने 1123 साली श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सवतिगंधवारण बसदी बांधली. दोन्ही वास्तू आजही उभ्या आहेत.

दुसरे उदाहरण आमच्याच मालेगाव तालुक्यातले. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या पूजेसाठी दिगंबर व श्वेतांबर बंधूंनी 1905 मध्ये वेळापत्रक ठरवले होते. तरीही वाद न्यायालयांत गेले आणि 1981 पासून मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2023 च्या आदेशानंतर मार्चमध्ये ते उघडले. मधली 42 वर्षे आपण झरोक्यातून दर्शन घेतले. त्या झरोक्यापाशी यजमान कितीदा तरी माझ्यासोबत उभे राहिले आहेत. दोष कोणाचा, हा येथे विषय नाही. देव एक असला म्हणजे कलह टळतोच असे नाही आणि देव दोन असले म्हणजे घर मोडतेच असेही नाही, एवढे मात्र त्या दारापुढे उभे राहून मला पटले.

कायद्यापुरता हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत जैनही येतात; अशा लग्नासाठी कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. समाजाची वही मात्र वेगळी असते. एका निर्देशिकेत वडिलांच्या कुटुंबाच्या नोंदीत माझ्या बहिणींची नावे सासरच्या गावांसह छापली गेली. माझे नाव वगळले गेले. माझे व्रतनियम तेव्हाही चालू होते, आजही आहेत.

बँकेत दहा वर्षे व्यवहार न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. पण खातेदार आला की ती त्याला परत मिळते. तिची मालकी कोणी खोडत नाही. आपण व्यापारी माणसे. हिशेबाची ही रीत आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. परधर्मीय घरात गेलेली आपली मुलगी कदाचित सूर्यास्तापूर्वी एकटीच ताटावर बसत असेल. येत्या दशलक्षण पर्वाच्या निमंत्रणपत्रिका पाठवताना एक पत्रिका तिलाही पाठवावी. पत्ता तिच्या सासरचा घालावा आणि नाव दोघांचेही लिहावे.