दादा, तुझ्या गोठ्यातल्या धुळीविषयी

प्रिय दादा,

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. धुळीचं नाव काढलं की "अगं, ब्लोअर बसवलाय ना" म्हणतोस आणि नवीन स्टूल कसं झालं ते सांगायला लागतोस. स्टूल सुरेखच झालंय. वहिनीनं फोटो पाठवला होता. सांधे असे बसलेत की आप्पांनी नुसता हात फिरवून पाहिला असता आणि एक शब्द बोलले नसते. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आपल्या दोघांनाच कळायचा. पण आज मला स्टुलाबद्दल बोलायचं नाहीये. परवा वहिनी बोलत असताना मागे तू खोकत होतास, ते मी ऐकलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर तू गोठा साफ करून घेतलास, गव्हाणीच्या जागी टेबल सॉ उभं केलंस, आप्पांची हत्यारं माळ्यावरून खाली काढून त्यांना धार लावलीस, तेव्हा मला किती बरं वाटलं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आप्पा गेल्यावर त्या हत्यारांचं पोतं तसंच बांधलेलं पडलं होतं. कुणी उघडेल असं आईलाही वाटलं नव्हतं. म्हणून आधीच सांगते, हे पत्र "बंद कर" म्हणायला नाही. तू ऐंशीव्या वर्षीही पटाशी हातात धरावीस अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठीच भांडायचंय.

"आप्पांनी जन्मभर लाकूडच केलं, त्यांना काय झालं?" हे तुझं ठरलेलं उत्तर. बरं, आप्पा काय करायचे ते आठव. अंगणात, पिंपळाच्या सावलीत, हातानं रंधा मारायचे. त्यातून ढलप्या निघायच्या, आपण त्या टोपलीत भरून बंबात घालायचो. हातकरवतीचा भुसा जाड, तो त्यांच्या पायाशीच पडायचा. आई शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, तू भोवतीनं भुसा ठासायचास आणि मग बाटली हळूच उपसून काढायचा मान माझा. तो भुसा मुठीत धरता यायचा. काचपेपर फिरायचा तो अगदी शेवटी, तोही हातानं. तुझ्याकडे मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं आहे, राऊटर आहे, सँडर आहे, आणि हे सगळं चार भिंतींत, कौलाखाली. सँडर लाकूड कापत नाही, त्याचं पीठ करतो. त्यात तू वहिनीच्या भाचीसाठी एमडीएफचं कपाट काढलंस. एमडीएफ म्हणजे मुळातच लाकडाचा बारीक तंतू, बहुधा फॉर्मल्डिहाइडच्या डिंकानं दाबून बसवलेला. त्याची धूळ सागवानाच्या भुशासारखी खाली बसत नाही. आप्पांच्या छातीचा दाखला तुझ्या गोठ्याला लागू होत नाही, दादा.

आणि ज्यांचा दाखला लागू होतो, त्यांचं काय झालं तेही ऐक. इंग्लंडात हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या कान-नाक-घशाच्या सर्जन एस्थर हॅडफिल्ड यांच्या 1960 च्या दशकात लक्षात आलं की नाकाच्या आतल्या पोकळीचा एरवी फारच दुर्मीळ असा कर्करोग फर्निचरच्या कारखान्यांतल्या कामगारांत पुन्हा पुन्हा दिसतोय. ऑक्सफर्डच्या संशोधकांबरोबर त्यांनी तो धागा पुढे नेला. पुढे 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातली. तंबाखू त्याच गटात आहे. युरोपात आता कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेची मर्यादा घनमीटरला 2 मिलिग्रॅम आहे. ती माणसं वर्षानुवर्षं, दिवसभर कारखान्यात राबलेली होती, आणि तू सकाळचे काही तास काम करतोस, हे मला कळतं. तुला घाबरवायचं नाहीये. पण दमा आणि अ‍ॅलर्जी यांना इतकी वर्षं लागत नाहीत. सागवानात अशी द्रव्यं असतात की काहींच्या कातडीला ती सोसत नाहीत. शिसवातही असतात. तुझ्या मनगटावर पुरळ उठतं ते डासांचं म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना दाखव, आणि कोणतं लाकूड हाताळतोस तेही त्यांना सांग.

गणपतीत मी ते पांढरं छोटं यंत्र आणलं होतं, आठवतं? हवेतली बारीक धूळ मोजणारं. तू सँडर चालू केलास आणि आकडा तीन आकडी झाला, तेव्हा तू म्हणालास, "आता धूळ उडतेय, त्यामुळे दाखवणारच." मग सँडर बंद करून आपण चहाला गेलो. परत आलो तर आकडा फारसा उतरलेला नव्हता. काचेच्या कौलातून पडणाऱ्या कवडशात थोडं काही तरंगत होतं, बाकी गोठा स्वच्छ दिसत होता. मग तू खराटा घेतलास आणि आकडा पुन्हा चढला. तू यंत्रच वाईट ठरवलंस! दादा, दोष यंत्राचा नव्हता. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. 10 मायक्रॉनच्या आतली धूळ छातीत उतरते, 2.5 च्या आतली फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. 1 मायक्रॉनचा कण अगदी स्थिर हवेतसुद्धा डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला बारा तासांहून जास्त घेतो. आणि तुझ्या गोठ्यात पंखा फिरतो. म्हणजे संध्याकाळी वहिनी तुला जेवायला बोलवायला येते, तेव्हा तिच्या नाकात जाते ती सकाळची धूळ.

ब्लोअर बसवलायस, खरंय. पण त्याची वरची पिशवी कसली आहे ते कधी हातात घेऊन पाहिलंस? कापड उजेडात धरलं की वीण दिसते. तसल्या कापडात 30 मायक्रॉनची जाड धूळ अडते, बाकीची सरळ आरपार जाते. जो भुसा पायाशी पडून झाडूनही निघाला असता तो पिशवीत साठतो, आणि छातीत जाणारी धूळ पिशवीतून गाळून, पंख्याच्या जोरानं गोठाभर पसरते. विकणाऱ्यानं ही गोष्ट तुला सांगायला हवी होती. मला त्याचा राग येतो. तुझाही थोडा येतो, कारण राऊटर घेताना तू महिनाभर चौकशी केलीस आणि ब्लोअर घेताना दुकानदार म्हणाला ते घेऊन आलास.

तुला ठाऊक आहे मी शिरोलीच्या फाउंड्र्यांत काय करते. वाळूची धूळ ओढून नेणारे डक्ट आखण्यात माझा जन्म गेला. तिथं पहिली गोष्ट शिकले ती ही, की धूळ उठते तिथंच धरायची, एकदा सुटली की ती तुमची राहत नाही. फुंकर मारून समई हातभरावरून विझवता येते, पण श्वास आत ओढून ती विझवून दाखव बघू. ओढणारी हवा चहूबाजूंनी येते. पाइपाच्या तोंडाच्या व्यासाइतकं दूर गेलं की तिचा वेग जेमतेम दहा टक्के उरतो. तू पाइपाचं तोंड सॉच्या पायाशी ठेवून दिलंयस, त्याचा उपयोग जमिनीवरच्या भुशालाच. सॉच्या पोटाखालचा भाग प्लायनं चारी बाजूंनी बंद कर, तळ उतरता कर, आणि पाइप त्याला जोड. पातं वरून तुझ्याकडे फिरत येतं, ती धूळ थेट तुझ्या तोंडावर. म्हणून पात्याच्या वर झाकण हवं आणि त्या झाकणाला वेगळी नळी हवी. हे केल्याशिवाय बाकी कितीही खर्च केलास तरी वाया.

मग पाइप. तुझ्या ब्लोअरचं मूळ तोंड सहा इंची आहे. त्यावर त्यांनी दोन चार-इंची फाटे असलेली जोडणी चढवून दिलीय. ती काढून टाक. लाकडाची धूळ पाइपात बसू नये म्हणून हवा मिनिटाला 4,000 फुटांच्या आसपास पळायला लागते. त्या वेगानं चार इंची पाइपातून 350 घनफुटांच्या आसपास हवा जाते, सहा इंचीतून 780 च्या वर. टेबल सॉला पहिला आकडा पुरत नाही. बाजारात फिरायलाही नको, आपल्याकडे शेतीच्या पाइपलाइनला वापरतात तो 160 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घे. विहिरीवरचे उरलेले तुकडे अजून परसात पडलेत ना? लवचीक नळी लागेल तेवढीच, हातभर. तिच्या आतल्या वळ्या हवेला अडवतात. काटकोनाचा एक बेंड लावण्याऐवजी पंचेचाळीसचे दोन लाव. आणि एका वेळी एकच यंत्र उघडं, बाकीच्या फाट्यांना सरकत्या झडपा.

सँडरची गोष्ट वेगळी. त्याचं तोंड बारीक, तिथं ब्लोअरची ओढ चालत नाही. व्हॅक्यूम क्लीनर लागतो. त्यात हवा कमी पण जोर जास्त. मध्ये बादलीवर बसणारा छोटा सायक्लोन ठेव, नाहीतर फिल्टर सारखा तुंबेल.

सायक्लोन मोठ्या पाइपालाही हवाच. कॅलिफोर्नियातले बिल पेन्ट्झ यांचं नाव तू ऐकलं असशील, लाकडाच्या धुळीनं स्वतः आजारी पडल्यावर त्यांनी घरगुती कारखान्यांसाठी सायक्लोनची मापं बसवली आणि सगळ्यांना खुली केली. हवा शंकूत बाजूनं शिरते, गरगरते, जड भुसा भिंतीला लागून खालच्या ड्रममध्ये उतरतो, हवा मधल्या नळीनं वर जाते. वजनानं पाहिलं तर जवळजवळ सगळंच खाली पडतं. पण वरून जे निसटतं ते सगळ्यात बारीक, म्हणजे नेमकं तुझ्या खोकल्याचं. त्यासाठी अमेरिकेतली माणसं महागडे फिल्टर लावतात, कारण थंडीत तापवलेली हवा त्यांना बाहेर फेकायची नसते. आपल्याला तसली अडचण कुठाय? कऱ्हाडात खोली तापवून कोण बसतं? तुला परस आहे. ब्लोअर मागच्या भिंतीबाहेर पत्र्याच्या आडोशाला ठेव, धुरांडं कौलांच्या वर ने, पावसासाठी टोपी बसव. गोठ्यातली हवा गोठ्यात परत येताच कामा नये. फक्त धुरांड्याचं तोंड शेजारच्या काकूंच्या गच्चीकडे करू नकोस, उन्हाळ्यात त्यांचं कुरडयांचं वाळवण तिथं असतं. आणि समोरची खिडकी उघडी ठेव. बंद खोलीतून ब्लोअर हवा ओढणार कुठून?

मास्क. तोंडाला उपरणं गुंडाळतोस ना, त्यानं ठसका थांबतो, बारीक धूळ थांबत नाही. एन-95 वापर, आणि तो सँडर बंद केल्याबरोबर उतरवू नकोस. निवृत्तीनंतर वाढवलेली दाढीही मास्कच्या कडेला फट ठेवते. वहिनीला आनंदच होईल. खराटा गोठ्यातून हद्दपार कर, ओल्या फडक्यानं पुस. प्लायचा आणि एमडीएफचा भुसा बंबात जाळू नकोस, त्यात डिंक आहे. ग्राइंडरची ठिणगी त्या पाइपात कधीही जाता कामा नये.

तुला वाटेल, एवढं कशाला. लहानपणी माझ्या डोळ्यात करवतीचा कण गेला होता तेव्हा तू मला सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात नेलं होतंस, आणि रस्ताभर "डोळा चोळू नकोस" म्हणून ओरडत होतास. मला तेव्हा तुझा राग आला होता. माझ्या लग्नातल्या कपाटाची दारं अजून चिरा न पडता बंद होतात, ती तूच आप्पांजवळ बसून रंधली होतीस. तुझ्या हातचं मला अजून पुष्कळ हवंय. नातवाचा पाळणा तू कबूल केलायस, आणि तो सागवानाचाच हवा.

तेव्हा कामाचं सांगते. सॉच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोज, भिंतीची जाडी आणि मधल्या वाशांची उंचीही. ब्लोअरच्या मोटारीवर जी पट्टी आहे तिचा फोटो काढायला वहिनीला सांग, एचपी आणि फेरे मला नीट दिसले पाहिजेत. माझ्या ओळखीचा पत्रेकाम करणारा इथं आहे, सायक्लोन मी त्याच्याकडून मापानं करून घेते आणि दिवाळीला येताना गाडीत घालून आणते. ड्रम तू बघून ठेव, घट्ट झाकणाचा. तोवर एमडीएफला हात लावू नकोस.

तुझी,
छोटी