ओटीवरचा कर आणि ओटीचा दर

२०२५च्या जुलैत अमेरिकेने टिप आणि ओव्हरटाइमवरच्या प्राप्तिकरात सूट दिली आणि विवरणपत्रांचा हंगाम संपायच्या आत तो विषय कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत पोचला. "साहेब, अमेरिकेत ओटीवरचा टॅक्स गेला म्हणं. आपल्याकडं कवा?" मोल्डरपासून मेंटेनन्सच्या फिटरपर्यंत अनेकांनी मला हे विचारलं. कर सल्लागार म्हणून माझं उत्तर सरळ आहे: ही सूट आपण मागू नये. मागायचं ते वेगळंच आहे.

आधी हिशेब मांडतो. महिना १५,००० रुपये पगाराचा कामगार धरा. २६ दिवस, रोज आठ तास म्हणजे तासाला साधारण ७२ रुपये. २०२५पर्यंत लागू असलेला १९४८चा कारखाने अधिनियम सांगायचा की दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम झालं की त्या तासांना दुप्पट दर. म्हणजे १४४ रुपये. २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिमाहीतली ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. एखाद्याने ही नवी मर्यादा वर्षभर गाठली तर ५७६ तास होतात आणि त्यांचे सुमारे ८३,००० रुपये. पगार धरून वर्षाची कमाई २ लाख ६३ हजार. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांना कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेट मिळून कर शून्य होतो. या माणसाला तुम्ही ओटीवरची करमाफी दिलीत तर त्याच्या हातात एक पैसाही जादा पडत नाही.

आता तोच ओव्हरटाइम 'सिंगल'ने, म्हणजे साध्या दराने मिळाला तर? साडेएक्केचाळीस हजार रुपये गेले. आणि सिंगल ओटी ही आपल्या औद्योगिक वसाहतींत, विशेषतः ठेकेदारांकडच्या कामगारांत, कुणाला समजावून सांगावी लागणारी गोष्ट नाही. भट्टीवर हीट अर्ध्यात सोडून कोणी घरी जाऊ शकत नाही, महिनाअखेरीला डिस्पॅच अडलेला असतो, त्यामुळे माणूस थांबतो. त्याचे तास मस्टरवर येत नाहीत, वहीत येतात. पैसे व्हाउचरवर किंवा पाकिटात. पगारपत्रक मात्र दर महिन्याला तेवढंच.

वहीतल्या या तासांचं नुकसान अपघाताच्या दिवशी कळतं. राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, २०२५पर्यंत ओव्हरटाइमवरही वर्गणी कापावी लागायची: कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. कापणी म्हणून कामगार कुरकुरतो, ते मी समजू शकतो. पण आजारपणात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के आणि कामावरच्या दुखापतीत ९० टक्के भरपाई मिळते, ती याच नोंदलेल्या वेतनावर. फेटलिंगमध्ये बोटं गेलेल्या किंवा तापल्या धातूने भाजलेल्या माणसाची भरपाई त्याने खरोखर किती कमावलं यावर ठरत नाही, कागदावर किती कमावलं यावर ठरते.

सूट नको म्हणण्यामागे आणखी एक अनुभव आहे. वेतनाचा एखादा भाग वजावटीतून वगळला की सगळं वेतन तिकडे सरकायला लागतं. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२च्या कायद्यात 'मूळ वेतना'तून ओव्हरटाइम वगळला, काही भत्ते वगळले. मग मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे अशी पगारपत्रकं देशभर निघाली. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते हे मूळ वेतनच, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०१९ साल उजाडलं. फ्रान्सने २००७ मध्ये ओव्हरटाइम करमुक्त केला, २०१२ मध्ये ती सूट काढली, २०१९ मध्ये मर्यादा घालून परत आणली. पहिल्या फेरीचा अभ्यास पिएर काहूक आणि स्तेफान कार्सियो या अर्थतज्ज्ञांनी केला, तेव्हा कामाचे तास प्रत्यक्षात वाढल्याचं दिसलं नाही. वाढले ते उच्च कौशल्याच्या पगारदारांनी दाखवलेले ओव्हरटाइमचे तास.

टिपबद्दल थोडक्यात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला पाहुणा तांबडा-पांढरा जेवून वाढप्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवतो, ते वेतन नव्हे. कार्डावरून आलेली आणि हॉटेलने वाटलेली टिपसुद्धा पगार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आयटीसीच्या खटल्यात २०१६ मध्ये ठरवलं. त्यामुळे मालकाने त्यावर टीडीएस कापायचा नाही. वाढप्याच्या हातात ती 'इतर उत्पन्न' ठरते, पण त्याची वर्षाची बेरीज करपात्र मर्यादेच्या जवळही जात नाही.

ओटीवर कर खरोखर बोचतो अशी एक जागा मात्र आहे, आणि तिथे तक्रार रास्त आहे. मोठ्या कारखान्यातल्या जुन्या कायम कामगाराचा पगार १२ लाख ७५ हजारांवर पोचला, तर ७५,००० च्या प्रमाणित वजावटीने त्याचा कर शून्य. त्याने ४०,००० रुपयांचा ओव्हरटाइम केला की नियमाने कर होतो ६६,०००. सीमांत सवलतीने तो ४०,००० वर थांबतो, वर चार टक्के उपकराचे १,६००. म्हणजे रात्रीच्या पाळ्या करून माणूस १,६०० रुपयांनी मागे. ७० हजारांच्या थोडं पुढे जाईपर्यंत जादा कमाई अशी सगळी करात जाते. हा ओव्हरटाइमचा नव्हे, रिबेटच्या रचनेचा दोष आहे. पगारवाढ झाली तरी हेच होतं. दुरुस्ती तिथे हवी.

आणि कामगाराला करातच दिलासा द्यायचा असेल तर मुंबईकडे बघा. आपल्या त्या १५,००० वाल्या मोल्डरला प्राप्तिकर शून्य, पण व्यवसाय कर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० रुपये. लाखभर पगाराच्या मॅनेजरलाही तेवढाच. १९७५ मध्ये हा कर रोजगार हमीच्या खर्चासाठी लावला, त्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत माफी मिळाली आणि पुरुषांची वरची पायरी अजून १०,००० वरच आहे. ती पायरी राज्य सरकार स्वतःच्या अधिकारात वर नेऊ शकतं, दिल्लीची वाट न बघता.

तोवर जादा तासांसाठी मालकाने कामगाराची लेखी संमती घ्यायची आहे. त्याच कागदावर तासाचा दर दुप्पट लिहून घ्या, आणि महिन्याच्या पगारपत्रकात ओटीची वेगळी ओळ आली आहे का ते पाहा.