तोतया

दुसऱ्याच्या गुणांचें श्रेय आपणांस मिळण्याचा योग आमच्या आयुष्यांत क्वचितच आला आहे. परंतु दुसऱ्याचे अपराध आपल्या नांवावर जमा होण्याचा योग गेल्या भाद्रपदांत अचानक आला. तास संपवून आम्ही अध्यापकांच्या खोलींत चहाचा पेला तोंडाशीं नेत होतों, तोंच खिशांतील मोबाईल थरथरला. मुंबईच्या वाटेवरील घाटांत, जेथें ताशीं 60 किलोमीटरची मर्यादा आहे तेथें, दोन दिवसांपूर्वीं सकाळीं आमच्या मोटारीनें 97 चा वेग गांठला, म्हणून 2,000 रुपयांचें ई-चलान आलें होतें. आमची मोटार बारा वर्षांची आहे. ती घाटांत 97 नें धांवली हें वाचून, खरें सांगावयाचें तर, पहिल्या क्षणीं आम्हांस राग येण्याऐवजीं किंचित् अभिमानच वाटला. मग ध्यानांत आलें कीं, त्या मंगळवारीं सकाळीं ती महाविद्यालयाच्या आवारांत कडुनिंबाखालीं उभी होती व आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गास शिकवीत होतों.

घरीं ही वार्ता सांगतांच मातोश्रींनीं जपमाळ खालीं न ठेवतां विचारलें, "चतुर्थीला चंद्र पाहिलास वाटतें?" स्यमंतक मण्याचा आळ प्रत्यक्ष श्रीकृष्णास चुकला नाहीं, तेथें प्राध्यापकाची काय कथा, असा त्यांचा सरळ हिशेब. सौभाग्यवतींची दृष्टि अधिक ऐहिक. त्या म्हणाल्या, "अहो, फोटो दिला असेल ना? तो आधीं पाहा." फोटो होता. रंग तोच, पांढरा; बनावट तीच; आणि मागील पाटीवर आमचाच क्रमांक, अक्षरें व आंकडे जसेच्या तसे. आम्ही हतबुद्ध झालों. सौभाग्यवतींनीं मात्र चष्मा पुसला, चित्र दोन बोटांनीं मोठें केलें आणि निकाल दिला, "ही आपली नव्हे. हिला पोचा कोठें आहे?"

हा पोचा म्हणजे आमच्या संसारांतील एक जुना वादविषय आहे. आमची कन्या मोटार चालविण्यास शिकत होती, तेव्हां तिनें ती मागें घेतां घेतां सोसायटीच्या भिंतीस नेऊन लावली. तेव्हांपासून मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यास तळहाताएवढा खळगा पडला आहे. तो काढून घ्या म्हणून सौभाग्यवतींनीं सहा वर्षें सांगितलें व आम्हीं सहा वर्षें ऐकलें नाहीं. मागील कांचेवर महाविद्यालयाचा उन्हानें विटलेला स्टिकर आहे तो निराळाच. घाटांतील मोटारीस यांपैकीं कांहींच नव्हतें. दमयंतीच्या स्वयंवरास चार देव नळाचें रूप घेऊन बसले, तेव्हां तिनें आपला नळ ओळखला तो कशावरून? देवांस घाम नव्हता, सावली नव्हती, त्यांच्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भूमीस टेकले नव्हते. नळाच्या अंगावर धूळ होती. हें आख्यान आम्हीं अनेकदां वाचलें असेल. परंतु व्यंगावरून खरेपण ओळखण्याची ही विद्या आमच्या घरांत इतकीं वर्षें नांदत आहे, याचा पत्ता आम्हांस नव्हता.

म्हणजे आमच्या मोटारीस तोतया निघाला होता. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नांवानें जो तोतया उठला, त्यास राज्य हवें होतें. 1776 सालीं त्याचा शेवट झाला. मोटारीच्या तोतयाची हांव एवढी मोठी नसते. रस्त्यांत आपल्यासारखीच मोटार हेरावी, तिचा क्रमांक टिपावा, तशी पाटी करून घ्यावी व निर्धास्त हिंडावें. दंड होईल तो कागदोपत्रीं जो मालक असेल त्याला. मागें 2025 च्या जानेवारींत मुंबईस कुलाब्याला ताजमहाल हॉटेलाजवळ एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या, ही हकीकत पुष्कळांच्या वाचनांत आली असेल. खऱ्या मालकास न केलेल्या अपराधांचीं चलानें कित्येक दिवस येत होतीं. त्या दिवशीं त्यास आपला तोतयाच दृष्टीस पडला. दुसऱ्यानें आपल्या पाटीवरील एक आंकडा बदलला होता, तो कर्ज वसूल करणारांनीं मोटार ओढून नेऊं नये म्हणून! हें वाचल्यापासून आमच्या रागास थोडी कीड लागली आहे. आमचा तोतयाही असाच हप्ते चुकलेला कोणी असेल काय? कीं नुसता मस्तवाल? फोटोंत मोटारीची पाठच दिसते; मनुष्य दिसत नाहीं.

हें केवळ आपल्याकडेच घडतें असेंही नाहीं. लंडन शहराच्या मध्यभागांत मोटार नेल्यास 17 फेब्रुवारी 2003 पासून कर द्यावा लागतो. प्रारंभीं तो दिवसाला 5 पौंड होता. तेथें नाका नाहीं, अडसर नाहीं. कॅमेरे पाटी वाचतात, व कर न भरल्यास दंडाचें पत्र टपालानें घरीं येतें. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे दूरच्या गांवीं नोकरीस आहे. ज्या दिवशीं त्याची मोटार दुरुस्तीस पडली होती, त्याच दिवशीं ती लंडनमध्यें हिंडल्याबद्दल त्यास असें पत्र आलें. दुरुस्तीची पावती होती म्हणून तो सुटला.

आम्हांस वाटतें, दोष पाटीचा नव्हे, वाचकाचा आहे. पॅरिसच्या पोलिसांनीं 1893 सालीं वाहनांस पाटी लावावयास सांगितली, इंग्लंडांत 1 जानेवारी 1904 पासून ती सक्तीची झाली. तेव्हां ती वाचणारा शिपाई पाटीबरोबर मोटार व मोटारींतला मनुष्यही वाचीत असे. कॅमेरा फक्त पाटी वाचतो. आपल्याकडे 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या वाहनांस सुरक्षित पाटी आली. तिच्यावर चकाकणारें चक्र असतें, लेसरनें कोरलेला निराळा क्रमांक असतो, आणि ती मोडल्याशिवाय निघत नाहीं. जुन्या वाहनांनाही ती लावण्याची आज्ञा झाली व मुदत वारंवार वाढली; प्रत्येक वाढीबरोबर आमचा आळसही वाढला, हें येथें कबूल केलें पाहिजे. परंतु तें चक्र हातानें चांचपणाऱ्यासाठीं आहे. धांवत्या मोटारीचें चक्र कोण पाहतो?

टोलच्या फास्टॅगमधून घरीं उभ्या असलेल्या मोटारीचे पैसे कापले जातात, ती गोष्ट वेगळी. तेथें पुष्कळदां टॅग वाचला जात नाहीं म्हणून नाक्यावरील मनुष्य क्रमांक हातानें भरतो व एखादा आंकडा चुकतो. ती चूक, ही लबाडी. चुकीवर मनुष्याला लौकर क्षमा करतां येते.

पुढील तीन आठवड्यांत आणखी तीन चलानें आलीं, आणि आम्ही अर्ज घेऊन संबंधित कार्यालयाची पायरी चढलों. हजेरीपटाची नक्कल जोडली होती. खिडकीपलीकडील गृहस्थ सौजन्यशील होते. "सर, तुम्ही वर्गांत होतां, हें कबूल. पण गाडी घाटांत नव्हती, हें कशावरून?" आम्ही निरुत्तर झालों. 'ॲलिबाय' हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ 'अन्यत्र', हें आम्हीं कित्येक पिढ्यांना शिकविलें आहे. परंतु तो मनुष्याला लागू पडतो, मोटारीला नाहीं. महाविद्यालयाच्या फाटकावरील कॅमेऱ्याचीं चित्रें पंधरा दिवसांत पुसलीं गेलीं होतीं. मागच्या रांगेंतून कोणी म्हणाले, "भरून टाका हो, लोकअदालतींत कमी करून देतात." परंतु पैसे भरणें म्हणजे अपराध कबूल करणें, तो थोडक्यांत कबूल केला काय आणि पुरता केला काय! शेवटीं खिडकींतूनच तोड निघाली. "तुमच्या गाडीचे मागून फोटो काढून आणा. आणि चारही चलानें एकाच अर्जांत लिहा, म्हणजे काम एकदम होईल."

अडचण या 'चारही' शब्दांत होती. दुसरें चलान ठाण्याचें, तिसरें पनवेलचें. तीं आमचीं नव्हतीं. चौथें आमच्याच गांवचें होतें. मातोश्रींचें औषध आणण्याच्या घाईंत एका चौकांत आम्ही सिग्नलला पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहिलों होतों. दंड 500 रुपये. तें पाहिल्याबरोबर आम्हीं ओळखलें, आणि ओळखलें नाहीं असें ठरविलें. जो आमच्या नांवावर तीन अपराध खपवितो, त्याच्या नांवावर आम्हीं एक टाकला तर बिघडलें कोठें? कोण तपासून पाहणार होतें? आम्हीं चार क्रमांक सुवाच्य अक्षरांत लिहिले, खालीं 'वरील चारही प्रसंगीं सदर वाहन माझें नव्हतें' असें लिहिलें व सही केली.

सौभाग्यवतींनीं अर्ज वाचावयास मागितला. जोडावयाच्या फोटोंत पोचा ठळक दिसेल अशी खबरदारी त्यांनींच घेतली होती. तो फोटो त्यांनीं टेबलावर ठेवला आणि त्याशेजारीं मोबाईलवर चौथ्या चलानाचें चित्र उघडून ठेवलें. दोन्हींकडे डाव्या कोपऱ्यास तोच खळगा, कांचेवर तोच विटका स्टिकर. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दूध उतूं जाईल म्हणून आंत गेल्या. आम्ही एकोणतीस वर्षें परीक्षेच्या दालनांत नक्कल करणारांना पकडीत आलों आहों. पकडलेल्या मुलाचें तोंड कसें होतें, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. त्या रात्रीं आरशांत पाहण्याचें आम्हीं टाळलें.

सकाळीं अर्ज नव्यानें लिहिला. त्यांत तीनच क्रमांक होते. चौथ्याचे 500 रुपये भरले. तिघांपैकीं दोन चलानें रद्द झालीं. पनवेलचें अद्यापि विचाराधीन आहे, व तोतयाही बहुधा अद्यापि कोठें तरी हिंडत आहे. मोबाईल थरथरला कीं आमच्या घरांत तिघेंही एकमेकांकडे पाहतात. सुरक्षित पाटी मात्र आम्हीं बसवून घेतली. ती बसवितांना मिस्त्रीनें बंपरावरून हात फिरविला आणि विचारलें, "साहेब, हा पोचा काढून देऊं का? तासाभराचें काम आहे."

आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच गाडींतून उत्तर आलें, "राहूं द्या."