नोकरी सांभाळून

खेळ पोटासाठी खेळावा की पोट भरल्यावर खेळावा, हा प्रश्न आमच्या डोंबिवलीत फार जुना आहे. आणि त्याचे उत्तरही येथे पिढ्यानपिढ्या एकच दिले जाते: आधी पोट. ठाण्यापासून कल्याणापर्यंत जी मध्यमवर्गीय वस्ती झाली, ती मुळी नोकरीच्या आणि आगगाडीच्या जोरावर. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोचली, आणि हळूहळू येथील सारे आयुष्य सकाळच्या गाडीस बांधले गेले. अशा गावी मुलगा चेंडू चांगला टाकतो असे कोणी सांगितले, तर बापाचा पहिला प्रश्न 'किती पडले?' असाच असावयाचा. आणि तो बळींविषयी नसून गुणांविषयी असावयाचा.

याच डोंबिवलीत अजिंक्य रहाणे लहानाचा मोठा झाला आणि २०१९ साली इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण रहाणे हा अपवाद, आणि अपवादावर संसार उभारता येत नाही, हेही त्याच दमात सांगतो. आम्हांस आज ज्याच्याविषयी लिहावयाचे आहे तो रहाणेइतका मोठा खेळाडू नव्हे. आणि म्हणूनच तो आमच्यासारख्यांस अधिक जवळचा वाटतो.

सौरभ नेत्रावळकर हा १९९१ साली मुंबईत जन्मलेला डावखुरा जलद गोलंदाज. २०१० साली एकोणीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत तो भारताकडून खेळला. २०१३ साली मुंबईच्या रणजी संघातही त्याचे पाऊल पडले. त्याच्या बरोबरीचा के. एल. राहुल पुढे भारताच्या संघात गेला. हा मुंबईच्या उंबरठ्यावरच राहिला. पदरी संगणकशास्त्राची पदवी होती. २०१५ साली त्याने अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची वाट धरली, आणि पुढे ऑरॅकल कंपनीत नोकरी पत्करली. येथवरची हकिकत आमच्या परिसरातल्या शेकडो घरांची आहे. फरक पडला तो यापुढे. सुटीच्या दिवशी मोटार हाकीत दूर लॉस एंजेलिसपर्यंत जाऊन तो खेळू लागला, अमेरिकेच्या संघात आला, काही काळ कर्णधारही झाला. २०२३ साली त्या देशात मेजर लीग क्रिकेट ही सहा संघांची धंदेवाईक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा वॉशिंग्टनच्या संघाकडून एका सामन्यात त्याने अवघ्या ९ धावांत ६ बळी घेतले.

२०२४ सालच्या ६ जूनचा सामना तर सर्वश्रुत आहे. पाकिस्तानशी बरोबरी झाल्यावर निकालाचे जादा षटक नेत्रावळकराच्या हाती आले. अमेरिकेच्या १८ धावा होत्या. त्याने पाकिस्तानास १३ वर रोखले. सहाच दिवसांनी भारताविरुद्ध त्याने कोहलीस पहिल्याच चेंडूवर परत धाडले आणि रोहित शर्मासही टिकू दिले नाही. मात्र मुंबईच्याच सूर्यकुमार यादवाचा झेल त्याच्या हातून सुटला आणि सूर्यकुमाराने सामना जिंकून दिला. दैव असे चेष्टेखोर असते! या स्पर्धेच्या दिवसांत हा गृहस्थ हॉटेलात संगणक उघडून कचेरीचे काम उरकीत असे, असे तेव्हा सर्वत्र छापून आले. आणि आमच्या आळीतल्या समस्त पालकांनी ते कात्रण मुलांपुढे धरले.

आम्हांस मात्र ते वाचून दुसराच एक मनुष्य आठवला. आर्ची स्टार्क हा ग्लासगोचा मुलगा आईबापांबरोबर अमेरिकेत न्यू जर्सीतील कर्नी गावी आला. शिवणाच्या दोऱ्याच्या स्कॉटिश गिरण्यांनी तेथे आपल्या शाखा काढल्या होत्या. गिरण्यांमागून कामगार गेले आणि कामगारांमागून फुटबॉल गेला, जसा कोकणी माणसाबरोबर आमच्या गिरणगावात हुतूतू आला. १९२१ साली त्या देशात फुटबॉलची धंदेवाईक लीग निघाली. १९२४-२५ च्या हंगामात बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्याच्या संघाकडून स्टार्कने लीगमध्ये ६७ गोल केले. त्या संघाच्या खेळाडूंस कारखान्यात काम मिळे, आणि मैदान हे त्या कामाचेच एक अंग असे. १९३० साली पहिल्या जागतिक स्पर्धेसाठी त्याला बोलावणे आले, तेव्हा त्याने ते नाकारले. कारण काय, तर मोटारींचा नवा धंदा नुकताच मांडला होता! आमच्या डोंबिवलीकरास हे कारण कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

त्याचा हिशेब चुकला, असेही म्हणवत नाही. १९२८ पासून लीग आणि देशाची मध्यवर्ती संस्था यांच्यात भाऊबंदकी माजली, तीवर मंदीचा घाला पडला. १९३० मध्ये बेथलेहेमचा संघ मोडला आणि १९३३ मध्ये लीगही बुडाली. क्रिकेटची तर तेथली कुंडली याहून विचित्र. पहिला आंतरराष्ट्रीय सामना अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १८४४ साली न्यूयॉर्कमध्येच झाला. पुढे बेसबॉलने त्या खेळाची जागा गिळली. आज डॅलसजवळचे जे मैदान क्रिकेटचे झाले आहे, ते पूर्वी बेसबॉलचे होते. काळाने सूड उगवला म्हणावे, तर २०२५ साली अमेरिकेतील क्रिकेटची संस्था आणि लीगचे चालक यांच्यात तंटा पेटला, आणि त्याच वर्षी जागतिक संघटनेने त्या संस्थेचे सदस्यत्व निलंबित केले. स्टार्कच्या काळचे भांडण जणू नवे कपडे घालून आले.

म्हणून नेत्रावळकराची गोष्ट 'अभ्यास केला की सर्व काही मिळते' या सुभाषिताखाली सांगणे आम्हांस रुचत नाही. दोन डगरींवर हात ठेवू नये, असे आपली म्हण सांगते; त्याला ते साधले, कारण तेथले क्रिकेट अजून गरीब होते आणि नोकरदारास आत घेत होते. एके काळी मुंबईतही रेल्वे, बँका आणि मोठ्या कचेऱ्या खेळाडूंस नोकऱ्या देत आणि टाइम्स ढालीच्या सामन्यांत एकमेकींशी झुंजत. ती सोय आता बरीच आटली. आज येथे सतराव्या वर्षी खेळ किंवा परीक्षा यांपैकी एक निवडावे लागते, आणि ही निवड मुलगा क्वचितच करतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एका डावखुऱ्या गोलंदाजाची आई घरी आली. "सर, तुम्ही दोन शब्द सांगा त्याला. आमचं ऐकत नाही," असे म्हणून तिने तेच कात्रण पुढे केले. मुलगा मागे उभा होता. पहाटेच्या गाडीने मालडब्यातून सामानाची पिशवी घेऊन तो रोज मुंबईस जातो, आणि दुपारी वर्गात डोळे ताणून बसतो. आम्ही स्टार्कची हकिकत त्याला सांगितली. त्याने ती निमूटपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सर, गुरुवारी सामना आहे. त्या दिवशीची परीक्षा मला नंतर देता येईल का?"

त्याने अर्ज लिहूनच आणला होता. आम्ही त्यावर शिफारस करून सही केली. परीक्षेचे वेळापत्रक मात्र आमच्या हाती नाही.