आईची निळी फाइल

२०१२ सालची गोष्ट. एक्स्चेंज प्रोग्रॅमसाठी व्हिएन्नात येऊन जेमतेम महिना झालेला. शुक्रवारी रात्री हॉस्टेलच्या किचनमध्ये पास्ता ढवळता ढवळता स्पेनचा मित्र म्हणाला, ‘‘उद्या ब्रातिस्लाव्हा?’’ सगळी गँग एका सेकंदात तयार. मी एकटीनंच विचारलं, ‘‘आणि व्हिसा?’’ जाम हशा! स्लोव्हाकिया २००७ मध्येच शेंगेनमध्ये आलेला, माझं ऑस्ट्रियाचं परमिट तिथेही चालणार होतं. तरी मी आईनं दिलेली निळी फाइल भरलीच. पासपोर्ट, परमिट, इन्शुरन्स आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मुंबईतली व्हिसाची रांग अंगात भिनलेली ना!

ट्रेनचा प्रवास फक्त तासाभराचा. फाइल मांडीवर धरून मी टेन्शनमध्ये. आला तो नुसता तिकीट चेकर. मग मोबाइलवर मेसेज, स्लोव्हाकियात स्वागत! सीमा कधी गेली, कळलंही नाही.

डॅन्यूबकाठच्या किल्ल्यावर फोटो काढताना एकदम लक्षात आलं, घरी न विचारता केलेली ही माझी पहिलीच ट्रिप. संध्याकाळी घाबरतच फोन लावला. आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘‘फाइल घेतलीस ना गं?’’